अहवाल वर जातो, खाली काय येते?

वाचकांचे प्रश्न : स्वयंसेवी संस्था आणि त्यांचे प्रकल्प

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. संस्थेचा हेतू चांगला असतो, माणसे मेहनती असतात, निधी बेताचा पण पुरेसा असतो, आणि तरीही प्रकल्पाचे फळ गावागणिक वेगळे निघते; असे का होते? पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : आमची संस्था बीड जिल्ह्यात मुलांसाठी वाचनाचे आणि गणिताचे वर्ग चालवते. दोन तालुक्यांत एकच कार्यक्रम, एकच साहित्य, सारखे मानधन आणि सारखाच निधी आहे. तरीही तीन वर्षांनंतर एका तालुक्यातली मुले धडा वाचतात, तर दुसऱ्या तालुक्यातली बरीच मुले अजून अक्षरांपाशीच अडलेली आहेत. निधी देणारी कंपनी म्हणते की तुमचे व्यवस्थापन कमकुवत आहे. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात की ही कंपन्यांची भाषा आहे, समाजाचे काम तळमळीवर चालते. विश्वस्त म्हणून मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : निष्कर्ष काढण्यापूर्वी एक पडताळणी करा. दोन्ही तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सारखे आहे का? दिवाळीच्या सुमारास बाहेर पडलेले कुटुंब गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. त्या काळात मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिले तर त्याचा वर्ग चालू राहतो. आईवडिलांबरोबर फडावर गेले तर वर्षातले चार-पाच महिने हातचे जातात. तफावत केवळ यामुळे पडली असेल, तर तिचे खापर कोणत्याही पर्यवेक्षकावर फोडणे अन्यायाचे होईल. कंपनीच्या माणसांनीही ‘कमकुवत व्यवस्थापन’ हा शेरा मारण्याआधी हे विचारायला हवे होते.

हा फरक वजा करूनही तफावत उरत असेल, तर मात्र कंपनीचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल. तुमच्यासारख्याच कामाचा एक चांगला तपासलेला दाखला उपलब्ध आहे. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या प्रत्यक्ष वाचनपातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याची पद्धत रुजवली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगवेगळ्या राज्यांत अनेक वर्षे तपासली. बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिले, पण शाळेच्या वेळात मुलांच्या वाचनात म्हणावा असा फरक पडला नाही. शिक्षकांना जमत नाही असा अर्थ त्यातून कोणीही काढला असता. परंतु त्याच बिहारमध्ये उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनी हीच पद्धत वापरली तेव्हा मुले पुढे सरकली. म्हणजे पद्धत चालत होती आणि शिक्षकही शिकवू शकत होते. शाळा सुरू झाल्यावर मात्र पाठ्यपुस्तक पुरे करण्याचा जुना धाक परत येत होता आणि नव्या पद्धतीला दिवसात जागाच उरत नव्हती.

पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात हे काम करताना साहित्यापेक्षा व्यवस्थेत बदल केला गेला. दिवसातला एक तास या कामासाठी बांधून दिला, त्या तासात मुलांनी इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसायचे असे ठरले, आणि ज्यांनी शाळांवर देखरेख करायची त्या अधिकाऱ्यांनी आधी काही आठवडे स्वतः वर्ग घेतले. या वेळी हिंदी वाचनात सुधारणा झाली. मला या साऱ्यात त्या शेवटच्या अटीचे मोल सर्वांत जास्त वाटते. ज्याने स्वतः वीस दिवस मुलांसमोर उभे राहून ही पद्धत वापरली आहे, तो वर्गात आल्यावर हजेरीपट मागत नाही. मागच्या रांगेतल्या मुलाला जवळ बोलावून त्याच्याकडून एक परिच्छेद वाचून घेतो.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याकडेही लोक बहुधा तळमळीची कथा म्हणून पाहतात. तळमळ त्यात होतीच. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत काम आणि तुलनेसाठी ४७ गावांत केवळ नोंदी अशी त्याची मांडणी होती. कामाच्या गावांत नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. या आकड्यामागची घडी पाहा. गावातल्या बाईला नेमके काय करायचे हे शिकवले होते, तिच्या हाती साधने होती, आणि पंधरवड्याला एक डॉक्टर गावात येऊन तिच्या नोंदी तपासत, चुका दुरुस्त करत आणि तिला पुढचे शिकवत. जन्ममृत्यूंच्या नोंदींची पडताळणीही वेगळ्या वाटेने होत असे, म्हणजे काम करणारीनेच स्वतःच्या कामाचे गुण द्यायचे असा प्रकार नव्हता. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या कामातही गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या शिकण्यासाठी नियमित एकत्र जमत. एकदा प्रशिक्षण दिले आणि झाले, अशी ही कामे कधीच नव्हती.

आता एक अनुभव सांगतो, कारण तो तुमच्या दुसऱ्या तालुक्याशी जुळण्याची शक्यता आहे. मी एका संस्थेच्या बालआरोग्य प्रकल्पात काही काळ काम करत होतो. दर महिन्याच्या आढावा बैठकीत दोन-अडीच तास आकडे वाचले जात. एका पर्यवेक्षिकेच्या गावांतून येणाऱ्या जन्मवजनांत बहुतेक बाळे नेमकी अडीच किलोची असत, आणि बैठकीत सगळे जण हा आकडा लिहून घेत. चहाच्या वेळी, बाहेर ओट्यावर, तिथल्या एका कार्यकर्तीकडून समजले की तिचा वजनकाटा चार महिने बंद आहे. तिने पर्यवेक्षिकेला सांगितले होते, पर्यवेक्षिकेने भेटवहीत लिहिले होते, आणि भेटवही कार्यालयात जमा झाली होती. ती वाचणे हे कोणाचेही काम नव्हते. दोघींच्याही कामात आळस नव्हता, अप्रामाणिकपणाही नव्हता. अंदाजाने वजन लिहिणाऱ्या त्या बाईने निदान रकाना मोकळा ठेवला नाही, इतकेच. अहवाल वर जात होता आणि त्याच्या बदल्यात खाली काहीच येत नव्हते.

म्हणून दोन्ही तालुक्यांत स्वतः जा, पण वर्ग पाहायला नव्हे, पर्यवेक्षकाबरोबर दिवस काढायला जा. चांगल्या तालुक्यातला पर्यवेक्षक एका वर्गावर किती वेळ थांबतो, मागच्या भेटीत ठरलेले या भेटीत विचारतो का, शिक्षिकेने मागितलेली वस्तू किंवा मदत किती दिवसांत पोचते, याकडे लक्ष द्या. दुसऱ्या तालुक्यात हेच पाहा. एका पर्यवेक्षकाकडे किती वर्ग आहेत तेही मोजा. पन्नास वर्ग सांभाळणाऱ्या माणसाकडून सह्या गोळा होतात, मार्गदर्शन होत नाही. माझा अंदाज असा की तफावत तुम्हाला तिथेच सापडेल. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना तेव्हा हेही सांगता येईल की ते स्वतः तरुणपणी गावात मुक्काम करून शिक्षिकेबरोबर बसत, तेच हे व्यवस्थापन. नाव तेवढे नवे आहे.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातल्या एका संस्थेत प्रकल्प समन्वयक आहे. आमच्या कार्यकर्त्यांना दिवसातून दोनदा मोबाइलवर ठिकाणासह फोटो पाठवावा लागतो, आठवड्याला एक आणि महिन्याला तीन तक्ते भरावे लागतात. वरिष्ठ म्हणतात की लक्ष ठेवले नाही तर काम होत नाही. कार्यकर्ते म्हणतात की तक्ते भरण्यातच दिवस जातो. देखरेख किती असावी?

उत्तर : वरिष्ठांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, तो आधी मांडतो. उदयपूर भागात ‘सेवा मंदिर’ ही संस्था एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवत असे आणि शिक्षक वरचेवर गैरहजर राहत. २००३ पासून काही शाळांत शिक्षकांना तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा दिला. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एका मुलाने शिक्षकाचा इतर मुलांसह फोटो काढायचा, आणि मानधन हजर दिवसांवर ठरायचे, अशी पद्धत होती. इतर शाळांत गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली, आणि मुलांच्या शिकण्यातही सुधारणा दिसली.

परंतु याच संस्थेने त्याच भागात सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांच्या हजेरीवरही वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने असेच लक्ष ठेवले, तेव्हा निराळे घडले. सुरुवातीला हजेरी ठळकपणे वाढली. काही महिन्यांनी आरोग्य प्रशासनाकडूनच ‘सवलतीचे दिवस’ वाढू लागले: आज बैठक, उद्या अन्य काम. सोळा महिन्यांत देखरेख असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. यंत्र वेळ बरोबर नोंदवत होते; त्या नोंदीवरून कृती करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना ती करायची नव्हती. तुमच्या कार्यकर्त्यांचे फोटो कोण पाहते आणि पाहून काय करते, हा प्रश्न बैठकीत विचारा. कोणी पाहत नसेल, तर ती पद्धत त्याच दिवशी बंद करायला हरकत नाही.

याहून मोठा मुद्दा कामाच्या स्वरूपाचा आहे. नायजेरियातल्या सुमारे ४,७०० सरकारी प्रकल्पांचा इम्रान रसूल आणि डॅनियल रॉजर या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. जिथे अधिकाऱ्यांना निर्णयाची मोकळीक अधिक होती तिथे प्रकल्प पूर्ण होण्याचे प्रमाण जास्त होते, आणि जिथे देखरेख व प्रोत्साहन-दंडाची व्यवस्था कडक होती तिथे ते कमी होते. हे सरकारी काम असले तरी संस्थांनी त्यातून शिकण्यासारखे आहे. शिक्षक वर्गात आला की नाही, हे फोटोत दिसते. दोन बचत गटांतले भांडण मिटवण्यासाठी कार्यकर्ती तीन संध्याकाळी एका घरी जाऊन बसली, हे कोणत्याही रकान्यात मावत नाही. आणि रकान्यात मावत नाही म्हणून ती हळूहळू ते काम करणे सोडून देते आणि रकान्यातल्या सात गृहभेटी पुऱ्या करते. माझे मत असे की हजेरी, पैसा आणि साहित्य या मोजता येण्याजोग्या गोष्टींवर कडक लक्ष ठेवावे, आणि गावात काय आधी करावे, कोणाशी कसे बोलावे, बैठक पुढे ढकलावी का, हे कार्यकर्त्यावर सोडावे. तक्ते मात्र महिन्याला एकच ठेवा, आणि त्यात एक रकाना ‘मला काय हवे आहे’ असा ठेवा. तो रकाना प्रत्येक महिन्याच्या बैठकीत पहिला वाचला जाईल, हे पाहा.

प्रश्न : आमच्या प्रकल्पाला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामासाठी द्यायचा, निधी आहे. कंपनीचे अधिकारी म्हणतात की कायद्याने प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणून पर्यवेक्षकांचा पगार देता येणार नाही. शिवाय सगळी रक्कम ३१ मार्चपूर्वी संपवा, असा तगादा असतो. काय करावे?

उत्तर : तुम्हाला सांगितलेला नियम अर्धा आहे. जानेवारी २०२१ मधल्या दुरुस्तीनुसार पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, म्हणजे कंपनी आपला सीएसआर विभाग चालवण्यासाठी जो सर्वसाधारण खर्च करते त्याला. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. तुमच्या प्रकल्पावरच्या पर्यवेक्षकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. अंदाजपत्रकात तो ‘प्रशासन’ या मथळ्याखाली न दाखवता ‘प्रकल्प देखरेख’ म्हणून त्या त्या कामासमोर मांडा. निम्मा वाद मथळ्यामुळेच होतो. परदेशी निधीचा नियम निराळा आहे: तिथे प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली आणि ती संस्थेलाच लागू होते. दोन्ही नियमांची सरमिसळ करू नका.

मार्चअखेरीबाबतही वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने तुमचा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला, तर तो सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे चालू शकतो, आणि त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीला ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात वर्ग करून पुढे वापरता येते. हे करारापूर्वी विचारायचे असते. जानेवारीत पहिला हप्ता आणि मार्चमध्ये हिशेब अशा प्रकल्पात संस्था जे करते ते खरेदी असते. कार्यकर्ते निवडणे, शिकवणे आणि बरोबर हिंडणे यांना अडीच महिने पुरत नाहीत.

प्रश्न : आमच्या गावात पाणलोटाचे काम झाले. पाणलोट समिती होती, ठराव होते, सह्या होत्या. पाच वर्षांत बांध फुटले, चर बुजले, आणि समिती कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. लोकसहभाग हा शब्द नुसता कागदावरचाच आहे का?

उत्तर : कागदावरचा सहभाग आणि खरा सहभाग यांतला फरक बहुतेक वेळा पहिले फावडे पडण्यापूर्वीच ठरतो. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात नाबार्डमार्फत चाललेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात याची जाण होती. गावाला पूर्ण निधी लगेच मिळत नसे. आधी क्षमताबांधणीचा टप्पा असे. त्यात गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवायची, थोड्या क्षेत्रावर काम करून पाहायचे, आणि ते जमले तरच पुढचा टप्पा मिळायचा. आराखडाही कार्यालयात नकाशावर न काढता गटनंबरनिहाय शेतात उभे राहून, शेतकरी नवराबायको दोघांना बरोबर घेऊन करायचा, अशी पद्धत होती. बांध कुठून जाणार हे ज्या बाईने स्वतः पाहिले आहे, ती तो फुटल्यावर निदान दोन दगड तरी लावते.

आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने २००२ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या ८६ गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. केवळ तांत्रिक अंगाने, वरून राबवलेल्या प्रकल्पांपेक्षा लोकसहभागाचे प्रकल्प सरस ठरल्याचे त्यात दिसते, आणि लोकसहभागाला चांगल्या तांत्रिक कामाची जोड मिळाली तिथे फळ सर्वांत चांगले आले. पण त्याच अभ्यासाने एक अप्रिय गोष्टही नोंदवली: चराईबंदीचा भार भूमिहीन आणि मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबांवर पडला, आणि पाण्याचा लाभ जमीनवाल्यांच्या विहिरींना झाला. तुमच्या समितीत अशी कुटुंबे होती का, ते आठवून पाहा. ज्यांनी चराई गमावली आणि पाणी मिळवले नाही, त्यांनी प्रकल्प संपताच शेळ्या पुन्हा डोंगरावर सोडल्या असतील तर त्यांना दोष कसा द्यायचा?

तुम्ही गावातच असल्याने अजूनही काही करता येईल. समितीचे बँक खाते कोणाच्या सहीने चालते आणि त्यात देखभालीसाठी ठेवलेली रक्कम आहे का, हे आधी पाहा. अशी रक्कम वर्षानुवर्षे पडून असू शकते, कारण सही करणाऱ्यांपैकी एक जण गाव सोडून गेलेला असतो आणि नाव बदलण्याचा ठराव करायला कोणी बसलेले नसते. ग्रामसभेत तो ठराव मांडा, आणि नव्या सह्यांमध्ये एक सही मेंढ्या किंवा शेळ्या पाळणाऱ्या घरातली असू द्या. दुरुस्तीचे काम उन्हाळ्यातच धरा, आणि कोणता बांध आधी घ्यायचा हे ठरवायला समितीने माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकदा पायी फिरून यावे.